पिल्लं उडतात, पण ढाबळीत परतत नाहीत: बिघाड कुठे आहे ते शोधायचा क्रम

दर हंगामात शर्यतीच्या कबुतरांची नवी पिल्लं उडायला लागली की हा प्रश्न ठरलेला: "काल बारा सोडली, आठच आली. आता काय करू?" मी उलटा प्रश्न विचारतो. उरलेली चार गेली कुठे? लांब कुठेतरी चुकली, ढाबळीवर येऊन पुन्हा उडाली, की समोरच्या छपरावर बसली आणि अंधार पडला? इथे समोरचा गप्प होतो. कबुतराची दिशा चुकली असं आपण पटकन म्हणून टाकतो. माझ्याकडे आलेल्या तक्रारींत दिशा बहुतेक वेळा निर्दोष सुटली आहे. पहिला संशय मी दारावर घेतो.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. तीन हंगाम सलग माझी पिल्लं छपरावर बसून राहायची. मी अंतर बदललं, सोडायची जागा बदलली, 'चांगल्या रक्ताची' म्हणून एक जोडीही आणली. बिघाड निघाला ट्रॅपच्या, म्हणजे ढाबळीच्या झुलत्या तारांच्या दाराच्या, एका वाकड्या तारेत. पिल्लू आत डोकं घालायचं, तार मानेला टोचायची, पिल्लू मागे सरायचं. तेव्हापासून ज्या तपासणीला पैसे लागत नाहीत ती मी आधी करतो. खाली तोच क्रम आहे.

लक्षणं: कुठलं चित्र तुमचं आहे?

पिल्लं उतरतात, पण आत येत नाहीत. दारासमोरच्या उतरायच्या फळीवर, छपरावर, टाकीवर तासभर बसतात, हाक मारली की मान तिरकी करून बघतात आणि पुन्हा पिसं साफ करत बसतात. इथे भूक, हाक आणि दार या तीनच गोष्टी बघायच्या. पुढचं वाचायचीही घाई करू नका.

पिल्लं उतरतच नाहीत. ढाबळीवर फेऱ्या मारतात, पाय सोडून खाली येतात आणि अगदी शेवटी पुन्हा वर उचलतात. किंवा थवा फुटतो आणि एकेक जण भलत्याच छपरावर जाऊन बसतं. ही भीती असते, नाहीतर जागेची ओळख कच्ची असते.

घराभोवती सगळं छान, पण टॉसवर, म्हणजे टोपलीतून लांब नेऊन सोडायच्या सरावाला, नेलं की एकत्र सुटलेली पिल्लं तासातासाच्या अंतराने एकेकटी येतात. अंतर, हवामान किंवा तब्येत.

नेहमी तीच दोन-तीन मागे राहतात, बाकीची वेळेवर. म्हणजे तुमची पद्धत ठीक आहे, त्या पिल्लांमध्ये काहीतरी आहे. त्यांना हातात घ्या.

एका दिवसात अर्धा थवा गायब. याला तपासण्यांचा क्रम लावू नका, थेट शेवटी थांबण्याबद्दल लिहिलंय ते वाचा.

आणि एक लक्षण जे बिघाड नाहीच. साधारण आठ-दहा आठवड्यांची झाली की पिल्लं घराभोवतीच्या घिरट्या सोडून एकदम क्षितिजापार जातात. अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त वेळ, आभाळात एकही ठिपका दिसत नाही. मग येतात, भलत्याच बाजूने. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी शिडी लावून शेजाऱ्यांच्या गच्चीवर चढलो होतो. आता मी याची वाट बघतो. थवा असा स्वतःहून लांब जायला लागल्याशिवाय पिल्लं टोपलीत घालायची नाहीत, हा माझा नियम आहे.

वही

पहिली तपासणी वहीची. तारीख, वारा कुठून, आभाळ कसं, किती सोडली, किती वाजता. पहिलं फळीवर कधी टेकलं आणि पहिलं आत कधी गेलं. या शेवटच्या दोन वेळा वेगळ्या लिहायच्या, सगळं मर्म त्यात आहे. फळीवर सात वाजता टेकलेलं पिल्लू आठला आत गेलं, तर ते सात वाजता घरी पोहोचलं होतं. हरवलेला तास तुमचा आहे, त्याचा नाही. शर्यतीतही घड्याळात नोंद होते ती आत आल्याची, छपरावर बसल्याची होत नाही.

पायातल्या रिंगचा नंबरही लिहा. आठवड्याभरात दिसतं की मागे राहणारी तीच ती आहेत की रोज वेगळी. पाच दिवस लिहिल्याशिवाय काहीही बदलू नका. एका वेळी चार गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

भूक

पोट भरलेलं पिल्लू आत का येईल? बाहेर ऊन आहे, वारा आहे, सोबत आहे. त्याला आत ओढणारी एकच गोष्ट, दाणा. म्हणून उडवायचं ते दाण्याआधी आणि दाणा मिळेल तो फक्त आत.

वाढलेल्या शर्यतीच्या कबुतराला दिवसाला सुमारे ३० ग्रॅम दाणा पुरतो. मी त्यातला तिसरा हिस्सा सकाळी उडून आत आल्यावर देतो, बाकीचा संध्याकाळी. तोही वजन करून. मुठीचा अंदाज रोज बदलतो, आणि हाताची माया दाण्यात उतरते. दहा-पंधरा मिनिटांत संपेल तेवढाच घाला. थाळीत उरलेला दाणा म्हणजे उद्या छपरावर बसायची परवानगी.

सोडण्याआधी दोन-तीन पिल्लांची गळ्याखालची पिशवी बोटांनी चाचपा. काल संध्याकाळचा दाणा सकाळपर्यंत उतरलेला असायला हवा. माझ्याकडे एकदा ती सकाळीही भरलेली लागायची, आणि मी आजार समजून घाबरलो. उलगडा चार दिवसांनी झाला. धाकटी मुलगी शाळेत जाण्याआधी पहाटे जाळीतून मूठभर मका टाकत होती, पिल्लं 'उपाशी ओरडतात' म्हणून. तेव्हा आधी घरातल्यांना विचारा, मग औषधाच्या कपाटाकडे जा.

याची दुसरी बाजूही आहे. भूक लावायच्या नादात काही जण पिल्लांना वाळवतात. छातीचं हाड बोटाला सुरीच्या पात्यासारखं लागलं तर तुम्ही फार पुढे गेलात. अशा पिल्लाच्या पंखात दुसऱ्या प्रयत्नाचं बळ नसतं, आणि वाट एकदा चुकली तर ते दुसऱ्याच्या दाण्यावर उतरतं. पाणी तर कधीच तोडायचं नाही. परत आलेल्याला दारातून पाणी दिसलं पाहिजे.

हाक

शिट्टी असो, डबा असो, एकच ठेवा, आणि ती वाजली की दाणा मिळालाच पाहिजे. जाता-येता गंमत म्हणून डबा वाजवणारे पाहुणे हे या छंदातलं मोठं संकट आहे. हाक तीनदा खोटी ठरली की चौथ्यांदा पिल्लू मान वर करत नाही. सुरुवात पिल्लं अजून आतच असतात तेव्हापासून करायची: आधी आवाज, मग लगेच दाणा, रोज त्याच वेळी. घरातलं दुसरं कुणी दाणा देणार असेल तर त्यालाही तोच आवाज शिकवा.

दार

इथे मी सगळ्यांत जास्त वेळ घालवतो, तुम्हीही घालवा.

गुडघ्यावर बसा आणि डोळे फळीच्या उंचीवर आणा. कबुतराला काय दिसतं? बाहेर लख्ख ऊन आणि आत काळंकुट्ट भोक असेल, तर कुठलाही शहाणा पक्षी थांबेल. आत समोरच्या भिंतीत एखादी जाळी किंवा पारदर्शक पत्रा टाकून उजेड येऊ द्या. फळीवर उभं राहून थाळी दिसते का, तेही बघा.

मग तारा. झुलत्या तारांचं दार असेल तर प्रत्येक तार बोटाने आत ढकला. ती हलकेच उचलली जाऊन स्वतःच्या वजनाने परत पडली पाहिजे. गंज, वाकलेलं टोक, वरच्या दांडीत अडकलेलं पीस, एवढंसं कारण पुरतं. मोठी कबुतरं जोर लावून आत घुसतात, म्हणून आपल्याला वाटतं दार ठीक आहे. पिल्लू एकदा अडखळलं की लक्षात ठेवतं.

फळी ओली, निसरडी किंवा डुगडुगणारी नाही ना? आणि गेल्या पंधरा दिवसांत ढाबळीभोवती काय बदललं? नवा रंग, वाऱ्यावर फडफडणारी ताडपत्री, दोरीवर वाळत घातलेली चादर, चकाकणारा पत्रा. आपल्या डोळ्यांना याची दुसऱ्या दिवशी सवय होते, पिल्लांना होत नाही. एका ओळखीच्या माणसाचा थवा आठवडाभर उतरेना. कारण होतं छपराच्या कोपऱ्यावर बांधलेली प्लास्टिकची रिकामी पिशवी, जी त्याने स्वतःच कावळे हाकलायला लावली होती.

दार वापरायला पिल्लं आपोआप शिकत नाहीत, शिकवावं लागतं, आणि तेही पहिल्या उड्डाणाच्या आधी. पहिले दोन-तीन दिवस तारा वर बांधून ठेवतो. भुकेच्या वेळी पिल्लांना हातात घेऊन बाहेरच्या फळीवर ठेवायचं आणि आत डबा वाजवायचा. सगळी पळत आत यायला लागली की एक तार खाली सोडायची, मग दोन, मग सगळ्या. जे पिल्लू बावचळतं त्याला पाठीवर हलका हात लावून आत सरकवा. ओढू नका, शेपटी तर धरूच नका. आठवडाभराचं हे कंटाळवाणं काम ज्यांनी केलं त्यांच्याकडून मला छपरावर बसणाऱ्या पिल्लांची तक्रार क्वचितच ऐकू येते.

जागेची ओळख

पिल्लू आई-बापांच्या जोडीपासून वेगळं करायचं वय साधारण २५ ते २८ दिवस. त्यानंतरचे थोडेच दिवस असे असतात की ते बाहेर बघू शकतं, पण लांब जाऊ शकत नाही. हे दिवस वाया घालवू नका. फळीवर तारेचा पिंजरा बसवून त्यात रोज काही तास ठेवा, म्हणजे आजूबाजूची छपरं, झाडं, सूर्याची वाट त्याच्या डोळ्यांखालून जाते. वारंही लागलं पाहिजे. हान्स वालराफ या जर्मन संशोधकाने वारा अडवणाऱ्या कुंपणात वाढवलेली कबुतरं लांबून सोडली तेव्हा त्यांना घराची दिशा धरता आली नाही. पुढे इटलीत फ्लोरियानो पापी यांनी १९७० च्या दशकात वाऱ्यावर येणाऱ्या वासांचा संबंध दाखवला. वास किती आणि बाकीचं किती यावर अभ्यासकांत अजून वाद आहे, पण आपल्यापुरतं इतकं पुरे: चारही बाजूंनी बंद ढाबळीत वाढलेलं पिल्लू अर्धवट शिकलेलं असतं.

पहिल्यांदा मोकळं सोडायचं ते दाण्याआधी तासभर, शांत हवेत, आणि हुसकावायचं नाही. दार उघडायचं आणि बाजूला बसायचं. फळीवर आलं, छपरावर उडी मारली, परत आत गेलं, बस झालं. टाळ्या वाजवून किंवा फडकं फिरवून उडवलेलं घाबरं पिल्लू वाऱ्याबरोबर जातं आणि त्याला परत यायला अजून काही ओळखीचं नसतं.

सहा-सात आठवड्यांचं, पंखात बळ आलेलं पिल्लू जर अजून एकदाही बाहेर पडलेलं नसेल तर ते धोक्याचं. पहिल्याच दिवशी ते उंच चढतं आणि दिसेनासं होतं. अशांना पिंजऱ्यात जास्त दिवस ठेवा आणि जरा जास्त भुकेवर सोडा. आणि दुसऱ्याच्या ढाबळीतून उडालेलं मोठं कबूतर विकत आणलंत, तर ते सुटल्यावर तिकडेच जाईल. त्याच्या दृष्टीने ते बरोबर घरी चाललंय. असं कबूतर उडवू नका, जोडी लावून आत ठेवा आणि त्याची पिल्लं उडवा.

भीती

पिल्लं फार उंच राहतात, थवा घट्ट बांधून एकदम दिशा बदलतात, फळीवर बसून एका डोळ्याने आभाळ बघत राहतात. मग तुमच्या भागात ससाणा किंवा शिक्रा आलाय असं समजा. दोघांची पद्धत वेगळी. बहिरी ससाणा उंचावरून सूर मारतो, ताशी ३०० किलोमीटरच्या वर वेग घेतो. शिक्रा झाडाआड लपून उतरत्या पिल्लावर झडप घालतो. पाठीची पिसं उपटलेलं पिल्लू परत आलं तर शंका उरत नाही. चार-पाच दिवस उडवणं बंद ठेवा, मग वेळ बदला. रोज घड्याळ लावून त्याच वेळी सोडणं म्हणजे शिकाऱ्याला जेवणाची वेळ कळवणं. त्या पक्ष्यांना इजा करायचा विचारही करू नका. ते बहुतेक देशांत कायद्याने संरक्षित आहेत, आणि एक गेला की दुसरा येतो.

दुसरी भीती रात्रीची असते. पिल्लं दिवसा आत यायला कां-कूं करत असतील तर रात्री आत काय फिरतं ते बघा. उंदीर, घूस, मांजर, मुंगूस. जमिनीवर बारीक पीठ भुरभुरून ठेवलं की सकाळी पावलं दिसतात. जिथे झोपायची भीती वाटते त्या घरी कोण घाईने जाईल?

गर्दीही बघून घ्या. प्रत्येक पिल्लाला स्वतःची बसायची जागा हवी. दहा जागांवर पंधरा पिल्लं असतील तर पाच जणांना रोज मार खाऊन खाली बसावं लागतं. रात्री विजेरी घेऊन मोजा. खाली बसलेली कोणती आणि मागे राहणारी कोणती, हे नंबर बरेचदा जुळतात.

पंख आणि अंग

आता पिल्लू हातात घ्या. पंख पंख्यासारखा उघडा. बाहेरची मोठी पिसं दहा असतात आणि ती आतल्या बाजूने एकेक करून झडतात. एक-दोन अर्धी वाढलेली असणं नेहमीचं आहे. पण शेवटची बाहेरची पिसं झडत असतील, किंवा डोक्या-मानेची पिसं एकदम उतरून पिल्लू टकलं दिसत असेल, तर टॉस थांबवा. पिसावर आडवी, पातळ, दुबळी रेघ दिसली तर ते पीस वाढताना कधीतरी उपासमार किंवा आजार झालेला आहे. तिथे ते मोडू शकतं.

ढाबळीचा तळ सकाळी साफ करण्याआधी बघा. चांगली विष्ठा घट्ट, तपकिरी, वर पांढरी टोपी. टोपलीतून आल्यावर थोडी पातळ होते, ते चालतं. हिरवी, पाण्यासारखी, सलग दोन दिवस दिसली तर ते चालत नाही. चोच उघडून घसा बघा: गुलाबी, स्वच्छ. पिवळा पनीरसारखा थर म्हणजे बहुधा कँकर, घशाचा एक रोग. चोचीच्या मुळाशी असलेला उंचवटा लहान पिल्लांत गुलाबीसर असतो आणि मोठेपणी पांढरा होतो. मोठ्याचा तो राखाडी, ओलसर झाला, एक डोळा पाणावला, श्वासाला घरघर लागली, तर श्वसनाचा त्रास आहे.

हे सगळं टॉसच्या आधी का? पिल्लांचे आजार नेमके सराव सुरू झाला की उफाळतात. ताण असतो, टोपलीत गर्दी असते, दुसऱ्यांच्या कबुतरांशी संपर्क येतो. सर्कोव्हायरस पिल्लांची प्रतिकारशक्ती मोडतो. कबुतरांतल्या रोटाव्हायरसची मोठी साथ २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियात ओळखली गेली. अशा विषाणूंवर प्रतिजैविकाची पुडी काम करत नाही, तरी 'सगळ्यांना पाण्यातून पाच दिवस' हा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो देत नाही. ताजी विष्ठा डब्यात घेऊन पशुवैद्याकडून तपासून घ्या. जंत, कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) आहेत की नाहीत ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं, आणि त्याचा खर्च अंदाजाने आणलेल्या औषधांपेक्षा कमीच होतो. बाहेरून आणलेलं कुठलंही कबूतर तीन-चार आठवडे वेगळं ठेवा.

टॉस

सगळ्यांत महाग तपासणी, कारण इथे चुकलं तर पिल्लंच जातात.

आधी टोपली. टोपलीत कधी न बसलेलं पिल्लू पहिल्या टॉसला घाबरंघुबरं होऊनच सुटतं. दोन-तीन रात्री ढाबळीतच टोपलीत ठेवा, बाहेरून पाण्याचं भांडं लावा, सकाळी तिथूनच आत सोडा. जाळीतून मान काढून पाणी पिणं हेही शिकावंच लागतं.

अंतर मी असं ठेवतो: ३ किलोमीटर, ५, १०, १५, २५, ४०. शर्यतीची जी दिशा आहे त्या रेषेवर. पण आकड्यांपेक्षा महत्त्वाचं हे, की पुढे कधी जायचं ते वही ठरवते. कबूतर साधारण ताशी ६० किलोमीटर उडतं असं धरा, म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. १५ किलोमीटरवरून पंधरा-वीस मिनिटांत, एकत्र, घराच्या दिशेने येऊन थेट उतरली, आणि असं दोनदा झालं, तर पुढे. पाऊण तास लागला तर तेच अंतर पुन्हा. तिसऱ्यांदाही लागला तर एक पायरी मागे. मागे जायला कुणालाच आवडत नाही, मलाही नाही.

एकदा १० किलोमीटरवरून थवा माझ्या आधी घरी पोहोचला. मी खूश. पुढचे काही दिवस वेळ नव्हता, म्हणून सरळ ४० वर नेला. चौदा सोडली. त्या दिवशी पाच आली, पुढच्या चार दिवसांत तीन, बाकी नाहीच. अंतरं अशी एकदम वाढवून काय होतं, तर पिल्लाला ओळखीची हवा, ओळखीची जमीन कुठेच लागत नाही, आणि एक चुकलं की थवाच चुकतो.

आभाळ. इथे मी कुणाचंही ऐकत नाही: पहिले सगळे टॉस लख्ख सूर्यात. अमेरिकेतले विल्यम कीटन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७० मध्ये दाखवलं की सराव नसलेल्या कबुतरांना दिशा धरायला सूर्य लागतोच. पुढच्या वर्षी कीटन यांनी कबुतरांच्या पाठीवर चुंबकाच्या पट्ट्या लावल्या. सरावलेली कबुतरं उन्हात नीट निघाली, पण ढगाळ दिवशी भरकटली. म्हणजे मोठ्या कबुतराकडे सूर्य झाकला तर दुसरं साधन तयार असतं. पहिल्या टॉसच्या पिल्लाकडे ते अजून पक्कं नसतं. धुकं, पाऊस, वाटेत ढगांचा पट्टा, दुपारची लाही, यांपैकी काहीही असलं तर टोपली परत घरी आणायची. रिकाम्या हाताने परतण्यापेक्षा भरल्या टोपलीने परतलेलं बरं. आणि हवामान दोन्ही टोकांचं बघायचं, फक्त घरचं नाही.

सूर्यावरून दिशा काढायची तर शरीरातलं घड्याळ बरोबर हवं. दिव्यांच्या उजेडाने कबुतरांचा दिवस सहा तासांनी सरकवला तर ती जवळपास ९० अंश चुकीच्या दिशेला निघतात, हे प्रयोगांत अनेकदा दिसलं आहे. म्हणून ढाबळीत अवेळी दिवे जळत ठेवायचे नाहीत.

सोडायची जागा मोकळी हवी, जवळ विजेच्या तारा नकोत. पोहोचल्याबरोबर झाकण उघडू नका. पंधरा-वीस मिनिटं टोपली उघड्यावर ठेवा, गाडीचा हेलकावा उतरू दे, आभाळ बघू दे. सकाळची वेळ सर्वांत चांगली, चुकलं तरी हातात पूर्ण दिवस असतो. सुरुवातीला सगळा थवा एकत्र. २५ किलोमीटर पक्कं झालं की चार-चारच्या तुकड्या, दहा मिनिटांच्या अंतराने, मग जोड्या. कारण मोठ्या थव्यात अर्धी पिल्लं नुसती मागे मागे उडतात, आणि शर्यतीत थवा फुटला की त्यांची पंचाईत होते.

कधी थांबायचं, कुणाला बोलवायचं

एका टॉसला चौथ्या हिश्शाहून जास्त पिल्लं त्या दिवशी आली नाहीत, तर सराव बंद. निदान पाच दिवस. उरलेल्यांना दुसऱ्याच दिवशी 'आत्मविश्वास यावा म्हणून' उडवणं हा मूर्खपणा आहे. सलग दोनदा असं झालं तर अनुभवी कबुतरवाल्याला घरी बोलवा आणि त्याला एक सकाळ नुसतं बघायला सांगा. आपल्या ढाबळीतलं आपल्याला दिसत नाही ते त्याला दहा मिनिटांत दिसतं.

पशुवैद्याला त्याच दिवशी फोन करायचा तो असा: एकाहून जास्त पिल्लं ओकत आहेत, गळ्याखालची पिशवी सकाळीही भरलेली आणि आंबूस वासाची आहे, मान वळते किंवा दाणा टिपताना चोच चुकते, पंखाच्या किंवा पायाच्या सांध्याला गाठ आली आहे, शिकाऱ्याच्या जखमेतून प्यायलेलं पाणी बाहेर गळतंय. शेवटच्या प्रकारात पिशवी फाटलेली असते. घरी सुईदोरा घेऊन बसू नका. मान वळणारं पिल्लू तत्काळ वेगळं करा. आणि एक-दोन दिवसांत अनेक पक्षी मेले, तर कुठलाही पक्षी आत-बाहेर करू नका, मेलेल्यांना उघड्या हातांनी उचलू नका, सरकारी पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवा.

पिल्लू विजेच्या तारेवर दोऱ्यात अडकलं तर काठी, शिडी, काहीही घेऊन जाऊ नका. वीजपुरवठा करणाऱ्यांना बोलवा. ते येईपर्यंत पिल्लू जगेलच असं नाही, पण तुम्ही जगायला हवं.

ढाबळ साफ केल्यावर तुम्हालाच खोकला, धाप, ताप येत असेल तर डॉक्टरांना जाऊन सांगा की तुम्ही कबुतरं पाळता. ते न सांगितल्यामुळे निदान लांबतं. कबुतरांच्या धुळीने फुफ्फुसाचा त्रास होतो, आणि कबुतरांपासून माणसाला होणारा एक ताप न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतो. मास्क लावा, झाडण्याआधी पाणी शिंपडा.

चौथ्या दिवशी आलेलं पिल्लू

दार उघडं ठेवा. हरवलेली पिल्लं दोन दिवसांनी येतात, आठवड्याने येतात, मला एकदा पाच आठवड्यांनी आलेलं आहे. आल्यावर आधी पाणी, त्यात थोडी साखर किंवा इलेक्ट्रोलाइट. दाणा थोडा थोडा, दिवसात तीन-चार वेळा; उपाशी पोटी एकदम भरलेली पिशवी तुंबते. दहा दिवस बाकीच्यांपासून वेगळं, कारण ते कुणाच्या ढाबळीत झोपून आलं हे कळायला मार्ग नाही. पायात परकी रिंग असलेलं कुणाचं पिल्लू तुमच्याकडे उतरलं तर त्यालाही हेच: पाणी, मूठभर दाणा, एक रात्र विसावा, आणि रिंगवरच्या नंबरावरून मालकाचा शोध. आपलं पिल्लू उडण्याजोगं झालं की मी त्याला थेट जुन्या थव्यात घालत नाही. पुन्हा ३ किलोमीटरपासून सुरू करतो, आणि वहीत त्या नंबरापुढे नवं पान उघडतो.